खांदेकरी

परदेशातल्या सेगेद शहराच्या तलावावर महिलांच्या पाचशे मीटर कयाक शर्यतीची उपांत्य फेरी चालू होती. नऊ बायका आपापल्या निमुळत्या होड्यांतून सुसाट निघाल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवर दारात भाजी निवडत बसल्यासारखी शांतता होती. ओरडण्याचे आवाज येत होते ते काठावरून. तिथं एका पांढऱ्या छपराखाली नऊ खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांत बसलेली माणसं घामानं निथळत होती, कुणी आईला हाक मारत होतं, कुणी नुसतंच कण्हत होतं. गॅलरीतले बहुतेक कॅमेरे होड्यांवर नव्हतेच, ते या खुर्च्यांवर रोखलेले होते. गेल्या काही वर्षांत लोकांना हेच बघायची चटक लागली होती.

चौथ्या खुर्चीत भरतेश मगदूम होता. सांगलीजवळच्या हरिपूरचा, चाळिशी ओलांडलेला, अंगानं आडवा. पाण्यात चौथ्या लेनमध्ये त्याची धाकटी बहीण चंदना होती. तिच्या खांद्यांतली आग त्याच्या खांद्यांत होती, तिच्या फासळ्यांतली उसण त्याच्या फासळ्यांत. उजव्या हातात त्यानं एक काळी, यंत्राची मूठ दाबून धरली होती. ती दाबलेली असेपर्यंत चंदनाला काहीही दुखणार नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात त्याच्या छातीत डावीकडं काहीतरी वेगळंच झालं. आग नव्हे, उसण नव्हे. कुणीतरी हळदीचं भरलेलं पोतं छातीवर आणून ठेवावं तसा दाब. तो दाब जबड्यापर्यंत चढला. भरतेशनं डोळे मिटून घेतले आणि मूठ सोडली नाही. चंदना तिसरी आली. अंतिम फेरीत गेली.

शर्यत संपल्यावर मूठ एकदम सोडायची नसते, हळूहळू सैल करायची असते, म्हणजे खेळाडूचा थकवा तिच्याकडं थोडाथोडा परत जातो. तेवढ्या वेळात तो दाबही ओसरला. तो थकव्याबरोबर तिच्याकडं गेला की आपल्यातच विरला, हे भरतेशला कळलं नाही.

*

माणूस दमतो तेव्हा त्याचे स्नायू संपलेले नसतात. स्नायूंत अजून बरंच काही शिल्लक असतं. पण स्नायूंमधून निघालेल्या बारीक नसा मेंदूकडं सतत तक्रारी पाठवत असतात, आणि मेंदू, हृदयाला धोका पोचू नये म्हणून, फार आधीच ब्रेक लावतो. त्या ब्रेकलाच आपण थकवा म्हणतो.

शास्त्रज्ञांनी आधी सरळ उपाय करून पाहिला. कण्याजवळ त्या तक्रारी बधिर केल्या. खेळाडू वाऱ्यासारखे सुटले आणि अर्ध्या वाटेत कोसळले, कारण कुठं थांबायचं हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. मग ते काम संगणकाकडं दिलं. संगणक रक्तातला प्राणवायू मोजू शकत होता, हृदयाचे ठोके मोजू शकत होता, पण सोसण्याची मर्यादा मोजू शकत नव्हता. सरावात दोन तरुण गेले. तेव्हा कुणीतरी विचारलं, थांबायचं कुठं हे फक्त जिवंत मेंदूला कळत असेल, तर तो मेंदू त्याच शरीरात कशाला हवा?

तेव्हापासून खेळाडूच्या कण्यालगत एक तारेची जाळी बसू लागली, आणि तशीच दुसरी जाळी काठावरच्या माणसाच्या कण्यालगत. तक्रारी तिच्या स्नायूंतून निघायच्या आणि याच्या मेंदूत पोचायच्या. याचा मेंदू ‘पुरे’ म्हणाला की ते ‘पुरे’ उलट वाटेनं तिच्या हातांपर्यंत जायचं. म्हणजे काठावरचा माणूस जितकं सोसेल तितकी होडी पळणार. नसांची ठेवण जुळावी लागते, म्हणून हा माणूस रक्ताच्या नात्यातलाच लागतो. नियमांच्या पुस्तकात त्याला सहवाहक म्हणत. भारताच्या चमूतली पोरं म्हणत खांदेकरी.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. दोन-तीन वर्षांनी खांदेकऱ्याच्या मेंदूला आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हा भेद करता येईनासा होतो. भरतेश सहा वर्षं खांदेकरी होता. गेल्या दिवाळीत घरी त्याचा हात तापल्या कढईला लागला, आणि तो तिथंच उभा राहून म्हणाला, “चंदनाला काहीतरी झालंय, फोन लावा.” त्याची बायको त्रिशला त्याचा हात ओढून नळाखाली धरत ओरडली होती, “तुम्हाला भाजलंय! अहो, तुम्हाला!”

*

उपांत्य फेरीनंतर तो चमूच्या डॉक्टरकडं गेला. डॉ. वैजयंती परचुरे तंबूत एकट्याच होत्या.

“मॅडम, चंदनाचं हृदय जरा तपासता का? तिला सांगू नका मी म्हणालो म्हणून.”

परचुऱ्यांनी मान वर केली. “काय जाणवलं?”

“छातीत दाब. डावीकडं. जबड्यापर्यंत.”

“भरतेश, हे मी लेखी घेतलं तर तिला उद्या पाण्यात उतरू देणार नाहीत. खांदेकऱ्यानं छातीची तक्रार केली की खेळाडू बाद. नियमच आहे.”

“म्हणून तर तोंडी सांगतोय.”

त्यांनी चंदनाला नेहमीची तपासणी म्हणून बोलावलं, सगळी यंत्रं लावली. तासाभरानं बाहेर येऊन म्हणाल्या, “घोड्यासारखं हृदय आहे तिचं. काही नाही. हृदयाच्या नसा आणि डाव्या हाताच्या नसा कण्यात शेजारी शेजारी शिरतात. तिचा डावा खांदा ओढला गेला असेल, तुम्हाला तो छातीत वाटला असेल.”

“उद्या परत आलं तर?”

“तर मूठ तुमच्या हातात आहे.”

भरतेशचा रक्तदाब त्यांनी घेतला. नियमात खांदेकऱ्याची तेवढीच तपासणी होती. त्याच्या छातीवर यंत्र लावावं हे त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही सुचलं नाही. सहा वर्षांत त्याला जे जे दुखलं होतं ते सगळं चंदनाचं होतं.

*

सेगेद तिखट लाल माशाच्या रश्शासाठी प्रसिद्ध आहे, पण मगदूम भावंडं जैन. तिसा नदीच्या काठावर बाकावर बसून दोघं पाव, दही आणि त्रिशलानं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी खात होती. ऊन उतरलं होतं.

“परचुरेबाईंनी आज दोनदा यंत्र लावलं मला,” चंदना म्हणाली. “तू काय सांगितलंस त्यांना?”

“काही नाही.”

“दादा.”

तो चटणीचा डबा बंद करत बसला.

“गेल्या वर्षी मी दुसरी होते,” ती म्हणाली. “शेवट समोर दिसत होता. तू मूठ सोडलीस. सगळं अंगावर आलं एकदम, वल्हं हातात राहिना. सातवी आले मी. आणि डॉक्टर काय म्हणाले? काही झालेलं नव्हतं. नुसता थकवा होता. तुझ्यानं सोसवला नाही.”

“मला वाटलं तू चाललीस.”

“तुला वाटलं!” ती उठून उभी राहिली. “मी एकतीस वर्षांची आहे. ऑलिंपिकची जागा इथून मिळाली तर मिळाली. आपल्या गावात होड्यांच्या शर्यती व्हायच्या तेव्हा बायकांना होडीला हात लावू द्यायचे नाहीत. तूच मला पहाटे लपून नदीवर न्यायचास. कशासाठी नेत होतास? सातवी यायला?”

“चंदे, खाली बस.”

“मूठ सोडायची नाही. मी मेले तरी सोडायची नाही. म्हण.”

“असलं काही वदवून घेऊ नकोस.”

“शरीर माझं आहे ना? मग मरायचं का नाही ते तू कोण ठरवणार?”

भरतेशला खूप काही म्हणायचं होतं. शरीर तुझं असलं तरी दुखणं माझ्याकडं येतं, हे म्हणायचं होतं. आई गेल्यापासून तुला मीच वाढवली, हेही. पण ती समोर उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत राग कमी आणि भीती जास्त होती. तो म्हणाला, “नाही सोडणार.”

ती बसली. उरलेला पाव दोघांनी वाटून खाल्ला.

*

अंतिम फेरीच्या सकाळी वारा पडलेला होता. पाणी सपाट होतं. नऊ खांदेकरी आपापल्या खुर्च्यांत बसले. भरतेशच्या डाव्या हाताला यजमान देशाच्या खेळाडूचा म्हातारा बाप होता. दर शर्यतीआधी तो भरतेशच्या गुडघ्यावर थोपटायचा. आज त्यानं नुसतं बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

सुरुवातीच्या रेषेवरचं फाटक पाण्याखाली गेलं आणि होड्या सुटल्या.

सुरुवात उत्तम झाली. चंदनाचं वल्हं पाण्यात शिरताना आवाजही करत नव्हतं. भरतेशच्या दंडांत ऊब आली, मग चटका, मग जाळ. हे सगळं ओळखीचं होतं. त्यानं श्वास तिच्या लयीला जुळवला. अर्ध्यावर ती तिसरी होती, आणि पुढच्या दोघींच्या खांदेकऱ्यांनी ओरडायला सुरुवात केली होती. भरतेश अजून ओरडला नव्हता. ती जिंकणार, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

तेव्हा ते पोतं परत आलं.

या वेळी दुप्पट जड होतं. छातीवर, मग डाव्या हातात करंगळीपर्यंत, मग जबड्यात. त्याच्या मेंदूनं ‘पुरे’ म्हटलं आणि दूर पाण्यात चंदनाचे हात किंचित जड झालेले त्याला दिसले. त्यानं ते ‘पुरे’ दाबून टाकलं. ती पुन्हा सरसावली. दुसरी झाली.

कुणाचं आहे हे? त्यानं स्वतःलाच विचारलं. तिचं हृदय काल चांगलं होतं. मग डावा खांदा असेल. पण खांदा असा जबड्यात चढतो? मग माझं आहे? माझं असेल तर सोसता येईल, थोडंच राहिलंय. त्यानं जीभ चावली. रक्ताची चव आली, पण जीभ दुखली ती आपली की तिची, तेही त्याला सांगता येईना. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा शांत होता. तो शांतच असणार, तिच्या वाट्याचं सगळं इकडं होतं. ती मरत असती तरी याच चेहऱ्यानं वल्हं मारत राहिली असती.

माझं असेल आणि मी सोडली, तर ती हरेल. तिचं असेल आणि मी धरून ठेवली, तर ती जाईल.

हिशेब सोपा होता. कुणालाही जमला असता. पण त्यानं शब्द दिला होता, आणि मागच्या वर्षीही हिशेब असाच सोपा वाटला होता, आणि तो चुकला होता. शेवटच्या टप्प्याच्या तरंगत्या लाल खुणा दिसायला लागल्या. चंदनाची होडी पहिल्या होडीच्या बरोबरीला आली होती. गॅलरी उठून उभी राहिली होती. भरतेश मोठ्यानं म्हणाला, “चंदे, मला माफ कर,” आणि त्यानं मूठ उघडली.

सगळा थकवा एका क्षणात मालकिणीकडं परत गेला. तिचं वल्हं हवेत वाकडं झालं. होडी डावीकडं कलली, उलटली, आणि तिच्या लेनमध्ये नुसता फेस उरला. इतर आठ होड्या तिच्या बाजूनं निघून गेल्या. बचावाची नाव धावली. केशरी जाकिटातल्या माणसानं तिला काखेत धरून वर काढलं. ती हात झाडत होती. ओरडत होती. जिवंत होती.

भरतेश खुर्चीतून उठला. दंडांतला जाळ गेला होता, फासळ्या मोकळ्या होत्या. जोडणी तुटली होती.

आणि पोतं जिथल्या तिथंच होतं.

त्याला क्षणभर इतका आनंद झाला की तो हसला. तिचं नाही. माझं आहे. मग त्याला कळलं की त्यानं काय केलं. तो काठाकडं दोन पावलं चालला आणि गवतावर पडला. वर वाकलेला चेहरा शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा होता. स्वतःच्या लेकीचा थकवा अजून परत सोडायचा असताना तो उठून आला होता, एका हातात मूठ घट्ट धरून.

*

इस्पितळात त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. पाठीतली जाळी काढली. डॉ. परचुरे रोज येऊन खुर्चीत बसायच्या. एकदा म्हणाल्या, “मी तुमच्या छातीला यंत्र लावायला हवं होतं.” भरतेश म्हणाला, “मीही सांगायला हवं होतं.”

चंदना तिसऱ्या दिवशी आली. आत आली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डोळे सुजले होते.

“बरं आहे का?”

“आहे.”

“माझंही बरं आहे. चारदा तपासलं.”

“बरं झालं.”

“बरं झालं काय? दोनदा, दादा. दोनदा सोडलीस.”

“हो.”

ती खिडकीकडं बघत म्हणाली, “तू गेला असतास तर मी काय केलं असतं हे मला कळतंय. कळत नाही असं नाही. तरी मला तुझा राग येतो. भयंकर येतो. परत तशी वेळ आली असती तर?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते हवंही होतं. भरतेश म्हणाला, “तर परत सोडली असती.”

ती निघून गेली. परतीच्या विमानात ती दुसऱ्या रांगेत बसली.

*

एकच वाट उरली होती. भोपाळच्या तलावावर आशियाई पात्रता शर्यत होणार होती आणि तिथून ऑलिंपिकची एकच जागा मिळणार होती. खांदेकरी नव्हता. कयाक महासंघानं नात्यातल्या सगळ्यांच्या नसांचे नमुने तपासले, आणि एका दुपारी हरिपूरला फोन आला. नमुना जुळला होता. भरतेशच्या मुलीचा, प्रज्ञाचा. तिला नुकतीच अठरा वर्षं पुरी झाली होती.

त्रिशलानं फोन ठेवला आणि परसात गेली. हळद शिजवायची मोठी काहील तिथं पालथी पडली होती. ती तिच्यावर बसली, आणि भरतेश बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाली, “एकाला अर्धा करून पाठवला. आता हिला मागतायत.”

चंदना दोन दिवसांनी आली. भरतेशशी ती अजून बोलत नव्हती. चहा तसाच राहिला. त्रिशला तिच्या समोर बसली, “वन्सं, पाया पडते, हिला नको,” म्हणाली आणि खरंच खाली वाकली. चंदनानं तिचे हात धरले.

“मी मागायला आले नाही, वहिनी. मला माहीत नाही मी कशाला आले.”

तेव्हा प्रज्ञा आतून बाहेर आली. लहानपणापासून तिच्या खोलीत आत्याचे फोटो होते. तिचे डोळे चमकत होते. “आई, तू मध्ये पडू नकोस. मी सही करणार आहे. आत्या, मी धरीन. मी बाबांसारखी सोडणार नाही.”

“सोडणार नाहीस?” चंदनानं विचारलं.

“मेले तरी नाही.”

चंदना पोरीकडं बघत होती. तिच्या तोंडाचा रंग उतरत गेला. हेच शब्द तिनं तिसेच्या काठावर भावाकडून वदवून घ्यायला पाहिले होते, तेव्हा ते शौर्यासारखे वाटले होते. आता ते अठरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून आले होते. ती उठली, न्हाणीघरात गेली. आतून ओकारीचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तोंड पुसत होती.

“अभ्यास कर,” ती प्रज्ञाला म्हणाली. “कुठं सही केलीस तर तंगडं मोडीन.”

“मग तू काय करणार, आत्या?”

ती चप्पल घालून नदीकडं गेली. भरतेश जागचा हलला नाही. डॉक्टरांनी चढ-उतार करू नको म्हणून सांगितलं होतं.

*

खांदेकऱ्याशिवाय उतरू नये असा नियम कुठंच नव्हता. फक्त तसं आता कुणी करत नसे. जाळी काढून टाकल्यावर चंदना चार महिने स्वतःच्या अंगानं सराव करत होती. पहिले काही आठवडे ती अर्ध्या अंतरातच होडीत आडवी व्हायची आणि रडायची. दमणं म्हणजे काय हे ती विसरूनच गेली होती. भोपाळला काय होणार हे तिला माहीत होतं, परचुऱ्यांना माहीत होतं, सगळ्या चमूला माहीत होतं. महासंघानं तिला काढलं नाही, कारण तिच्या जागी पाठवायला दुसरं कुणी नव्हतं.

भरतेश न कळवता गेला. त्रिशलाही बरोबर होती, गोळ्यांची पिशवी घेऊन. तो काठावर, शेवटच्या रेषेच्या बऱ्याच पुढं, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उभा राहिला. छपराखाली आठ खुर्च्या होत्या.

होड्या सुटल्या आणि काठावर आरडाओरडा सुरू झाला. भरतेशला काहीच होत नव्हतं. त्यानं नकळत उजव्या हाताची मूठ आवळली होती, पण तिच्यात हवा होती. दूरवर एक होडी मागं पडत चालली होती. तिच्यात बसलेल्या बाईचा एकटीचा चेहरा वेडावाकडा झालेला होता, तोंड उघडं, दात दिसणारे. किती दुखत असेल, कुठं दुखत असेल, छाती ठीक असेल का? त्याला यातलं काहीही कळत नव्हतं. सहा वर्षं तो तिच्या आत बसलेला होता आणि आज तो काठावरचा कुणीतरी होता. सगळ्यांत भयंकर तेच होतं. तो पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात गेला. मागून त्रिशला काहीतरी ओरडली.

आठ होड्या रेषा ओलांडून गेल्या. जिंकणारीनं हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कॅमेरे छपराकडं वळले. त्यानंतर बऱ्याच वेळानं चंदना आली. रेषेवर तिच्याकडं बघणारं कुणी नव्हतं. रेषा ओलांडल्यावर तिनं वल्हं आडवं ठेवलं, त्यावर कपाळ टेकलं, आणि होडी आपसूक वाहत वाहत पायऱ्यांकडं आली.

भरतेशनं गुडघाभर पाण्यात जाऊन होडीचं टोक धरलं. तिनं डोकं उचललं. सगळं संपलं होतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या नाकातून पाणी गळत होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

“दमलीस?” त्यानं विचारलं.

तिला श्वास पुरत नव्हता. मग तिचा चेहरा लहान पोरीसारखा चुरगळला.

“लई दमले रे, दादा.”

“कुठं दुखतंय?”

तिनं एक हात वर करायचा प्रयत्न केला, तो वर गेला नाही. “हे खांदे,” ती म्हणाली. “आणि इथं, फासळ्यांत. उजवीकडं जास्त.” ती थांबली, श्वास घेतला. “हातांना फोड आलेत. डावा पाय तर कळतच नाही आहे की नाही ते.”

“छातीत?”

“छातीत नाही.”

“नक्की?”

“नक्की. बघ की, सांगतेय ना.”

तो होडी धरून पाण्यात उभा होता. ती एकेक सांगत गेली आणि तो ऐकत गेला.